हाताची रेघ, यंत्राची गती



'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या निर्मितीपूर्वी दादासाहेब फाळके यांनी केलेला एक लहानसा प्रयोग तितकासा परिचित नाही. त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली. ती सर्व चित्रे सलग पडद्यावर पडताच, अनेक दिवसांत घडलेली वाढ प्रेक्षकांना काही क्षणांत दिसली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटाचा उपयोग फाळके यांना भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी झाला. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट तयार केला. काड्यांची मांडणी किंचित बदलावयाची, एक चित्र टिपावयाचे, पुन्हा मांडणी बदलावयाची, अशा क्रमाने निर्जीव काड्या पडद्यावर चालू-फिरू लागल्या.

आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो, त्याची भारतातील सुरुवात ही अशी घरगुती साधनांनी झाली. आता हेच काम संगणकावर होते. हाताने काढलेले चित्र आणि संगणक यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न जगभरच्या स्वतंत्र ॲनिमेशनकारांपुढे गेली अनेक वर्षे उभा आहे. त्याची त्यांनी दिलेली उत्तरे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनाही उपयोगी पडणारी आहेत. कारण लोकशिक्षणाची चित्रे आता गावोगाव तयार होऊ लागली आहेत आणि ती कोणाच्या हातून, कोणाच्या नावाने व्हावीत, याचा निर्णय बरेचदा याच मंडळींना घ्यावा लागतो.

सात हजार चित्रांचे गणित

या कलेतील सर्वांत मोठी अडचण श्रमाची आहे. चित्रपटात एका सेकंदास २४ चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते वापरले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या लघुपटास ७,२०० चित्रे झाली. एका चित्रकाराने दिवसाला दहा चित्रे पूर्ण केली, तर त्यास ७२० दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतील. यात कथा, संगीत आणि छायाचित्रण यांचा वेळ धरलेला नाही.

हा भार हलका करण्यासाठी मोठ्या चित्रसंस्थांनी कामाची विभागणी केली. मुख्य चित्रे एकाने काढावयाची, मधली दुसऱ्याने भरावयाची, पारदर्शक पत्र्यावर रेषा तिसऱ्याने गिरवावयाच्या आणि रंग चौथ्याने भरावयाचे, अशी ती पद्धत होती. तिचा लाभ मोठा झाला. पण रेघेवरचा हात कोणाचा, हे ओळखता येऊ नये, हा त्या पद्धतीचा नियमच होता. शंभर चित्रकारांची रेघ एकसारखी दिसली पाहिजे, यासाठी प्रत्येकाने आपली रेघ मागे ठेवावयाची असे.

आपल्या राज्यात या कलेची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३४ साली 'जंबू काका' हा व्यंगचित्रपट काढला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाला १९५६ साली डिस्ने संस्थेतील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांचे मार्गदर्शन लाभले आणि त्यातून १९५७ साली जातककथेवरील 'द बनियन डिअर' हा लघुपट निर्माण झाला. याच विभागात राम मोहन यांच्यासारखे कलावंत घडले. १९७४ साली विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या साहाय्याने केलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचला. शिकाऱ्याचे जाळे घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची ती साधी गोष्ट एका पिढीच्या स्मरणात राहिली. साधने मोजकी असली तरी सांगावयाचे स्पष्ट असेल, तर चित्र किती दूर जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बांधावरचे भांडण आणि काचेवरची वाळू

स्वतंत्र ॲनिमेशन म्हणजे ज्या कृतीत कथा, शैली आणि वेग यांविषयीचा निर्णय एका कलावंताच्या किंवा लहान गटाच्या हाती असतो, अशी कृती. मनुष्यबळ नसल्यामुळे या कलावंतांना श्रमाच्या गणितातून वेगळी वाट काढावी लागली. त्यातून नवी तंत्रे निघाली, आणि नव्या तंत्रांबरोबर गोष्ट सांगण्याच्या नव्या रीतीही निघाल्या.

नॉर्मन मॅक्लॅरन हे मूळचे स्कॉटलंडचे कलावंत १९४१ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात दाखल झाले. त्यांनी कॅमेऱ्याला फाटा देऊन थेट फिल्मच्या पट्टीवर शाईने चित्रे काढली आणि टोकदार हत्याराने ओरखडे उमटविले. १९५२ सालच्या 'नेबर्स' या लघुपटात तर त्यांनी जिवंत माणसांनाच आगकाड्यांप्रमाणे चौकटी-चौकटीने हलविले. दोन शेजारी गुण्यागोविंदाने राहात असतात. दोघांच्या जागेच्या सीमेवर एक फूल उगवते. ते कोणाचे, यावरून कुंपण पडते, हाणामारी होते आणि शेवटी दोघांच्याही थडग्यांवर एकेक फूल उरते. आठ मिनिटांच्या या लघुपटात एकही संवाद नाही. बांधावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. या कृतीला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

याच मॅक्लॅरन यांनी युनेस्कोच्या वतीने १९४९-५० साली चीनमधील ग्रामीण भागात आरोग्यशिक्षणाच्या प्रकल्पावर काम केले. स्थानिक चित्रकारांना स्वस्त साधनांनी भित्तिचित्रे, चित्रपट्ट्या आणि साधी हलती चित्रे कशी करावीत, हे त्यांनी शिकविले. त्याच स्वरूपाच्या कार्यासाठी १९५२-५३ मध्ये ते भारतातही आले होते. परक्या चित्रकाराने चित्रे काढून आणण्याऐवजी गावाची भाषा जाणणाऱ्या चित्रकारालाच तंत्र शिकवावे, हे त्या कार्याचे सूत्र होते. आजही ते जुने झालेले नाही.

कॅरोलिन लीफ या कलावंत स्त्रीने आणखी वेगळा मार्ग धरला. काचेखाली दिवा लावावयाचा, काचेवर वाळू पसरावयाची आणि बोटांनी ती सारून आकृती घडवावयाची. एक चौकट टिपली की तीच वाळू थोडी सरकवावयाची. आधीचे चित्र पुसले जाते आणि पुढचे त्यातूनच जन्म घेते. १९७४ साली त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडील इन्युइट लोकांची एक कथा या रीतीने सांगितली. हंसिणीवर भाळलेल्या घुबडाची ती गोष्ट आहे. या तंत्रात चूक दुरुस्त करण्यासाठी मागे जाता येत नाही. त्यामुळे गोष्टही एका दमात सांगितल्यासारखी वाहत जाते. तंत्राचा परिणाम कथनावर कसा होतो, हे येथे स्पष्ट दिसते.

यंत्राकडे कोणते काम द्यावे?

संगणकाच्या आगमनानंतर श्रमाचे गणित बदलले. कागदावरील चित्र संगणकात उतरविता येऊ लागले. पार्श्वभूमी एकदाच रंगवून तिच्यावर हलणाऱ्या आकृतींचे थर चढविता येऊ लागले. रंग भरणे, वेग कमी-अधिक करणे, ध्वनीशी चित्र जुळविणे, ही कामे सोपी झाली. पूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे, ती आता तत्काळ कळते.

असे असूनही अनेक स्वतंत्र कलावंतांनी हात सोडला नाही. रशियाचे अलेक्झांडर पेत्रोव्ह यांनी हेमिंग्वे यांच्या कादंबरीवरील 'द ओल्ड मॅन अँड द सी' हा वीस मिनिटांचा लघुपट १९९९ साली पूर्ण केला. काचेवर तैलरंगाने, बहुतांशी बोटांच्या टोकांनी, त्यांनी २९,००० हून अधिक चित्रे रंगविली. ती टिपणारा कॅमेरा मात्र संगणकाच्या साहाय्याने अचूक हलविला जात असे. रंगाचा ओलेपणा बोटाने सांभाळला, तर मोजमापाचा काटेकोरपणा यंत्राने. कामाची ही वाटणी विचार करण्याजोगी आहे.

अमेरिकेतील डॉन हर्ट्झफेल्ट यांचे उदाहरण याहून बोलके आहे. काडीसारखे हातपाय असलेली माणसे, हीच त्यांची चित्रशैली. शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मुले काढतात तशी ही चित्रे असतात. २०१२ साली पूर्ण झालेल्या 'इट्स सच अ ब्यूटिफुल डे' या चित्रपटात एका आजारी माणसाची स्मृती हळूहळू विस्कटत जाते. ते दाखविण्यासाठी काळ्या पडद्यावर लहान लहान खिडक्या उघडतात, एकीत वर्तमान तर दुसरीत आठवण दिसते. हे सारे त्यांनी जुन्या काळच्या कॅमेऱ्यावर, एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा छाप घेऊन साधले.

पुढे 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' या २०१५ सालच्या लघुपटासाठी त्यांनी प्रथमच संगणकावर चित्रे काढली. तेथेही रेघ तीच, काडीचीच राहिली. विशेष म्हणजे, यातील लहान मुलीचा आवाज त्यांच्या चार वर्षांच्या भाचीचा आहे. इतक्या लहान मुलीला संवाद पाठ करावयास लावणे शक्य नव्हते. म्हणून ती खेळताना, चित्रे काढताना जे सहज बोलली, ते ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि त्या बोलण्याभोवती नंतर कथा रचण्यात आली. भविष्यातून आलेली एक स्त्री मुलीशी गंभीर विषयांवर बोलत राहते आणि मुलगी आपल्याच नादात उत्तरे देते. आधी संहिता आणि मग अभिनय, हा क्रम येथे उलटला आहे. वर्गात मुलांचे बोलणे रोज ऐकणाऱ्या शिक्षकांना या पद्धतीचे मोल निराळे सांगावयास नको.

मुंबईची दोन चित्रे

आपल्या राज्यातील या संदर्भातील महत्त्वाचे नाव म्हणजे गीतांजली राव. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिक्षण घेतलेल्या या कलावंतीने ॲनिमेशनचे धडे राम मोहन यांच्या चित्रसंस्थेत काम करता करता गिरविले. २००६ साली त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखविला गेला आणि त्यास तेथे तीन पारितोषिके मिळाली.

या लघुपटाची कथा साधी आहे. एक एकटी वृद्धा आणि तिची मांजर शहरातील एका सदनिकेत राहतात. वृद्धेजवळ काड्यापेट्यांचा संग्रह आहे. त्या पेट्यांवरील चित्रांत ती मनाने प्रवेश करते आणि दूरदूर फिरून येते. तिचे घर करड्या, निस्तेज छटांत रंगविलेले आहे, तर काड्यापेटीतील जग झगझगीत रंगांचे आहे. एकाकीपणाविषयी एक शब्दही न उच्चारता, केवळ रंगांच्या बदलातून तो प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. फाळके यांच्या आगकाड्यांनंतर नव्वद वर्षांनी काड्यापेटीनेच पुन्हा एका भारतीय लघुपटाला विषय पुरवावा, हा योगायोगही मनोरंजक आहे.

लघुपटाकडून त्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळल्या, तेव्हा श्रमाचे गणित नव्याने पुढे आले. 'बॉम्बे रोझ' या २०१९ सालच्या चित्रपटाने व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ झाला. मुंबईच्या पदपथावर फुले विकणारी कमला, काश्मीरहून आलेला सलीम आणि एकेकाळी चित्रपटसृष्टीत वावरलेल्या वयोवृद्ध शिक्षिका, अशी त्यातील पात्रे आहेत. सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष खपून प्रत्येक चौकट संगणकावर, परंतु हातानेच रंगविली. संगणकाची संवेदनशील पाटी हा त्यांचा कागद होता आणि तिची लेखणी हा कुंचला. एका चित्रापासून दुसरे चित्र यंत्राने आपोआप बनवावे, ही सोय त्यांनी स्वीकारली नाही.

कथनाच्या दृष्टीनेही हा चित्रपट लक्षणीय आहे. कमला स्वप्नात रमते तेव्हा पडद्यावर लघुचित्रशैलीतील महाल आणि बागा अवतरतात. वृद्ध शिक्षिका रस्त्याने चालू लागते तेव्हा आजची गजबजलेली मुंबई विरघळून जुन्या काळची कृष्णधवल मुंबई उभी राहते. पात्र तेच, रस्ता तोच. पण कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हे चित्राची शैली सांगते. साहित्यात जे काम निवेदकाचे असते, ते येथे कुंचल्याने केले आहे.

सत्य सांगण्याची नवी रीत

ॲनिमेशन म्हणजे मुलांचे मनोरंजन, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी दृढ आहे. तो किती अपुरा आहे, हे 'फ्ली' या २०२१ सालच्या डॅनिश माहितीपटावरून दिसते. दिग्दर्शक योनास पोहर रासमुसेन यांचा एक जुना मित्र लहानपणी अफगाणिस्तानातून परागंदा झाला होता. आपली हकिगत सांगण्यास तो तयार होता. परंतु त्याची ओळख उघड होऊ द्यावयाची नव्हती. म्हणून आवाज खरा ठेवला, नाव बदलले आणि चेहरा चित्रात काढला. जे त्याला स्वच्छ आठवते ते रेखीव चित्रांत आहे. ज्या आठवणी भयाने झाकोळल्या आहेत, तेथे चेहरे हरवतात आणि कोळशाच्या फटकाऱ्यांसारख्या आकृती धावताना दिसतात. मधूनमधून त्या काळची प्रत्यक्ष वृत्तदृश्येही येतात. या चित्रपटास ऑस्करसाठी माहितीपट, परभाषी चित्रपट आणि ॲनिमेशनपट अशा तीन विभागांत नामांकने मिळाली.

अत्याचारग्रस्त स्त्री, वेठबिगारीतून सुटलेला मजूर, व्यसनमुक्त झालेला तरुण, यांची हकिगत समाजापुढे यावी असे अनेकदा वाटते. पण चेहरा दाखविल्याने त्यांनाच त्रास होतो. चेहरा धूसर करण्याने माणूसही धूसर होतो. चित्र मात्र ओळख झाकूनही माणूस दाखवू शकते. समाजकल्याणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ही शक्यता ध्यानात घेण्यासारखी आहे.

साधनांच्या खर्चाविषयीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लाटव्हियाचे गिंट्स झिल्बालोदिस यांच्या 'फ्लो' या २०२४ सालच्या संवादरहित चित्रपटास २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. पुरात सापडलेले एक मांजर आणि त्याचे सोबती यांची ती कथा 'ब्लेंडर' या कोणासही विनामूल्य मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर तयार झाली. याच दिग्दर्शकाने आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'अवे' हा एकट्याने केला होता. महागडी साधने नाहीत, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

चित्र कोणाचे?

येथवर हात आणि यंत्र यांच्या मेळाची उजळ बाजू पाहिली. दुसरी बाजूही पाहणे अगत्याचे आहे.

२०१७ सालच्या 'लव्हिंग व्हिन्सेंट' या चित्रपटासाठी शंभराहून अधिक चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी तैलरंगात रंगविल्या. प्रथम नटांकडून प्रसंग करवून ते टिपले गेले आणि मग त्यांच्या आधारे व्हॅन गॉगच्या शैलीत प्रत्येक चौकट रंगविण्यात आली. हे काम अपूर्व होते. पण आता परिस्थिती अशी आहे की, चार ओळींचे वर्णन लिहिताच कोणत्याही शैलीतील चित्र काही क्षणांत पुढे करणाऱ्या प्रणाली उपलब्ध झाल्या आहेत. त्या प्रणाली असंख्य चित्रकारांच्या चित्रांवरून शिकलेल्या असतात. परंतु निघालेल्या चित्रावर त्यांपैकी कोणाचेही नाव नसते.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची आणि चामड्याच्या बाहुल्यांची कला पिढ्यानपिढ्या जपली आहे. एका आख्यानाची चित्रे क्रमाने एकेक पुढे करीत, वाद्यांच्या साथीने गात गात कथा सांगावयाची, अशी ही रीत आहे. चित्रामागून चित्र आणून गोष्टीला गती देणारी ही कला ॲनिमेशनची जवळची नातलग म्हणावी लागेल. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पालघर भागातील वारली चित्रकलेचे थोर कलावंत जिव्या सोमा म्हसे यांनाही २०११ साली हाच सन्मान लाभला होता. अशा शैलीची एखादी आकृती उचलून संगणकावर हलविणे आज अवघड नाही. वारली आकृत्या भिंतींवर, कपड्यांवर, जाहिरातींत सर्वत्र दिसतात. पण त्यांमागे वारली चित्रकार असतोच असे नाही.

या संदर्भात कायद्यातील एक तरतूद काम सोपविणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असावी. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून चित्र काढवून घेतले असेल आणि त्याविरुद्ध काही करार झालेला नसेल, तर त्या चित्राचा प्रथम हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे काही न लिहिता काम दिले, तर नुकसान बहुधा चित्रकाराचेच होते. मात्र त्याच अधिनियमातील कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याकडे गेला तरी, ही कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो.

तेव्हा एखाद्या पंचायतीने किंवा कार्यालयाने लोककलावंताकडून प्रचारपटासाठी चित्रे करून घ्यावयाची झाल्यास चार गोष्टी आधी कागदावर याव्यात. मोबदला किती व केव्हा द्यावयाचा. पडद्यावर आणि छापील साहित्यावर कलावंताचे व गावाचे नाव कसे यावयाचे. मूळ चित्रे कोणाकडे राहावयाची. आणि तीच चित्रे पुढे अन्य कामासाठी वापरावयाची असल्यास पुन्हा संमती व मोबदला कसा द्यावयाचा. हा कागद कलावंताला समजेल अशा मराठीत असावा आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. एक पानही यास पुरेल. ते पान नसेल, तर वर्षानुवर्षे जपलेली शैली एका दुपारी नावाशिवाय निघून जाऊ शकते.

शाळेत आणि गावात

आता प्रत्यक्ष काय करता येईल, याचा थोडक्यात विचार करू. दहा सेकंदांच्या हलत्या चित्रास सेकंदाला १२ या हिशेबाने १२० छायाचित्रे लागतात. वर्गातील मुलांचे चार गट केले, तर एकेका गटाच्या वाट्याला तीस येतात. छायाचित्र काढणारा भ्रमणध्वनी, तो हलू नये म्हणून बांबूची अथवा लाकडाची पक्की घोडी आणि एक दिवा, एवढी सामग्री पुरते. खिडकीचा उजेड क्षणोक्षणी बदलतो व चित्र लुकलुकते. म्हणून खिडकी झाकून दिव्याच्या प्रकाशात काम करावे. पाटीवरची रांगोळी, चिंचोके, ज्वारीचे दाणे, कातरलेला कागद, यांपैकी काहीही पात्र होऊ शकते. काचेवरील रांगोळीखाली दिवा ठेवला, तर कॅरोलिन लीफ यांची वाळूची रीत वर्गात उतरते. चित्रे जोडण्याचे काम भ्रमणध्वनीवरील एखादी विनामूल्य प्रणाली करते.

विषय निवडताना मात्र एक पथ्य पाळावे. जे कॅमेऱ्याला सरळ टिपता येते, त्यासाठी ॲनिमेशनचा खटाटोप करू नये. विहिरीचे छायाचित्र कोणीही काढील. परंतु बंधाऱ्यात अडलेले पाणी जमिनीखाली कोणत्या थरांतून झिरपत त्या विहिरीपर्यंत पोहोचते, हे चित्रच दाखवू शकते. लस टोचल्यानंतर शरीरात काय घडते, गावाचे मागील पन्नास वर्षांतील शिवार कसे बदलले, आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट कशी दिसत असेल, हे विषय त्याच जातीचे होत. गोष्ट सांगणाऱ्या आजीचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करावा आणि चित्रे नंतर काढावीत. तिची बोली, तिचे थांबणे, तिचे हसणे चित्रांना आपोआप ताल देईल. मुलांच्या रेघा वेड्यावाकड्या आल्या, तर त्या संगणकावर सरळ करण्याचा मोह आवरावा. त्या वाकडेपणामुळेच ते चित्र त्या गावचे आणि त्या मुलाचे ठरते.

पेत्रोव्ह यांची बोटे, हर्ट्झफेल्ट यांची काडीची माणसे आणि गीतांजली राव यांचा कुंचला यांत एक सूत्र समान आहे. मोजणे, जोडणे, रंग साठविणे आणि वेग सांभाळणे ही कामे यंत्रावर सोपवावीत. काय दाखवावयाचे, काय गाळावयाचे आणि रेघ कोठे वळवावयाची, हे हाताने ठरवावे. ज्या हाताने ते ठरविले, त्याचे नाव चित्राखाली यावे व त्याचे दाम त्याच्या पदरात पडावे. गावच्या शाळेतील दहा सेकंदांचा पट असो वा शासनाचा प्रचारपट असो, एवढी काळजी घेतली गेली, तर नव्या यंत्राचे स्वागत करताना जुन्या हातांना रजा देण्याची वेळ येणार नाही.